बिनडोळ्याचे मासे

थोरल्यांनी उभ्या आयुष्यात दोनशेच्या वर प्रदर्शनं उभी केली, पण तिकीट काढून एकही पाहिलं नव्हतं. वडिलांचा नियमच तसा होता. पुढच्या दाराला फीत बांधायला घेतली की सुताराने हत्यारं गोळा करायची आणि मागच्या दाराने चालू पडायचं. लोक माल बघायला येतात, आपले घामट सदरे बघायला नाही, असं वडील म्हणत. त्यामुळे थोरल्यांच्या लेखी प्रदर्शन म्हणजे भुसा, सरसाचा वास आणि फळ्यांची पाठ. फळ्यांच्या पोटाकडून ते कसं दिसतं, हे त्यांना दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळे.

आणि आता त्र्याहत्तराव्या वर्षी ते परदेशातल्या एका भल्यामोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात गळ्यात तिकीट अडकवून रांगेत उभे होते. दोरखंड लावून रांगेला सात वळणं दिली होती. दर दहा मिनिटांनी तेच ते चेहरे समोर येत, आणि एव्हाना पाचसहा कुटुंबांशी त्यांची नुसती बघून बघून ओळख झाली होती. बायको त्यांच्या पुढे होती. तिने गेटावर एक छोटी वही विकत घेतली होती; प्रत्येक देशाच्या दालनात त्या वहीवर शिक्का मारून मिळे. सकाळपासून तिचे नऊ शिक्के झाले होते. दालनात काय ठेवलंय यापेक्षा शिक्क्याचं टेबल कुठे आहे, याकडे तिचं लक्ष जास्त होतं. नवऱ्याच्या रेंगाळण्यामुळे आपला दहावा शिक्का अडला, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. थोरले दालनात शिरले की माल सोडून भिंत बघत. बोटाच्या पेराने फळी ठोकत, सांध्यावरून अंगठा फिरवत आणि मान हलवत. मोठमोठ्या देशांनी आपली यंत्रं आणि पडदे मांडून ठेवले होते, आणि हा गृहस्थ वाकून कोपरा बघत होता. एका दालनात तर मागच्या चारजणांनीही वाकून तोच कोपरा बघितला. गेटावरच्या तपासणीत पहारेकऱ्याने त्यांच्या खिशातली मोजपट्टी काढून घेतली आणि तिच्या बदल्यात नंबर घातलेला पितळी बिल्ला दिला. कानावरची पेन्सिल मात्र त्याने राहू दिली. पेन्सिलीला कोण विचारतो?

तिसरी होती पुतणी, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. तिच्याच आग्रहावरून ही दोघं इतक्या लांब आली होती. धाकटा दोन वर्षांपूर्वी इथेच, याच शहरात गेला. झोपेतच गेला. थोरल्यांचे कागदपत्र तयार होईपर्यंत सगळं आटोपलं होतं. नंतर पुतणी फोनवर एकदा म्हणाली, "काका, बाबांनी केलेलं एक दालन यंदाच्या प्रदर्शनात लागणार आहे. बघायला या." थोरल्यांनी बघतो म्हणून फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी व्हिसासाठी फोटो काढायला गेले. बायको थक्क झाली, कारण या माणसाला शेजारच्या गल्लीत न्यायचं तरी चार दिवस आधी सांगावं लागे.

त्यांना काय बघायचं होतं, हे मात्र त्यांनी दोघींनाही सांगितलं नव्हतं. त्यांना मासे बघायचे होते.

माशांची गोष्ट वडिलांपासून सुरू होते. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रदर्शनाच्या फळ्या कारखान्यात बनत आणि मैदानावर जोडल्या जात. कुठली बाजू वर, हे पाठीवर खूण करून दाखवावं लागे. सुरुवातीला वडील बाण काढत. पण हमाल बाण बघत आणि बाण दाखवेल त्या दिशेला फळी घेऊन चालू लागत. दोनदा असं झाल्यावर वडिलांनी बाणाचा नाद सोडला आणि मासा काढायला लागले. शेपटीपासून सुरुवात, पोटावरून तोंडापर्यंत आणि पाठीवरून परत शेपटीशी, हात न उचलता एका रेघेत. माशाचं तोंड वर. माशाच्या तोंडाकडे बघून फळी घेऊन चालू लागेल असा हमाल अजून जन्माला यायचा होता.

या माशाला डोळा मात्र काढायचा नाही. ज्याने चौकट केली त्याने मासा काढायचा, आणि डोळा दुसऱ्याने द्यायचा. सांधे हलवून, सरळपणा बघायला ओळंबा सोडून, सगळं पारखून मगच. डोळा नसलेली फळी उभी करायची नाही. आपली चूक आपल्याला कधी दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वडील होते तोवर दोन्ही पोरांच्या माशांना डोळे तेच देत. ते गेल्यावर धाकटा मासे काढी आणि थोरले डोळे देत, थोरले काढत आणि धाकटा डोळे देई. धाकटा डावखुरा. त्याची रेघ उलटी फिरे, म्हणून त्याच्या माशाच्या शेपटीचं डावं टोक लांब राही. कारखान्यात शंभर फळ्या रचलेल्या असल्या तरी लांबून ओळखू येई, ही कुणाची ते.

काय दिवस होते ते! एकाच फळीवर दोघं दोन बाजूंनी रंधा मारत. दुपारी अर्धवट दालनात खोक्यावर डबा उघडला की दोघांत एकच भाजी, कारण दोन डबे दिले तरी धाकटा आपला आधीच संपवून बसलेला असे. थोरल्यांच्या नाकावर माशी बसत नसे. पण धाकट्याने डोळा द्यायला नकार दिला तर ते मुकाट्याने सांधा उघडत. तेवढ्यापुरतं वय विसरायचं असतं, हे दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मग ती कमान आली. गावातल्या प्रदर्शनाचं मुख्य प्रवेशद्वार, वीस फूट रुंद. धाकट्याने ती खिळ्यांनी न ठोकता बोल्ट लावून जोडली होती. प्रदर्शन संपलं की सुटी करायची, पुन्हा दुसरीकडे जोडायची. दर वेळी लाकूड फोडायला नको. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी थोरले मैदानावर आले तेव्हा कमान उभी होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. चौदा माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. थोरल्यांनी ओळंबा सोडला. दोरी खांबाला अगदी समांतर उतरली. त्यांनी ते बघितलं, आणि तरीही पेन्सिल कानावरून काढली नाही.

"खिळा नाही त्याला माझा डोळा नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तुझं काम तपासायला दुसरा माणूस बघ."

 धाकट्याने स्वतः चढून बोल्ट काढले. संध्याकाळपर्यंत खिळ्यांची कमान उभी राहिली आणि चार महिन्यांत धाकटा परदेशी निघून गेला. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली होती.

भांडण म्हणावं असं पुढे काहीच झालं नाही, हेच तर वाईट. पत्रं येत, ती वहिनीच्या नावाने. बायको ती स्वयंपाकघरात मोठ्याने वाची आणि थोरले बाहेर वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसत. फोनवर "बरा आहेस ना?" "आहे, तुम्ही?" एवढं झालं की रिसीव्हर वहिनीकडे जाई. दोनदा धाकटा बायको-मुलीला घेऊन आला, आठ-आठ दिवस राहिला, आणि दोघे भाऊ लाकूड सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले. धाकटा परदेशी गेल्यानंतर पाचव्या वर्षी थोरल्यांनी स्वतःच्या कारखान्यात बोल्ट आणले. सगळेच आणत होते. आपलं चुकलं, हे त्यांना तेव्हाच काय, त्या दुपारी दोरी बघतानाच कळलं होतं. कितीदा पत्र लिहायला बसले, पण कागदावर "तब्येतीला जप" याच्यापुढे काही उतरत नसे.

मनात एकच प्रश्न घर करून बसला होता. धाकट्याने तिकडेही मासे काढले असतील का? आणि काढले असतील तर डोळा कुणी दिला? दुसरा माणूस बघ, हे आपणच सांगितलं. त्याने बघितलाच असणार. कामात तो कधी कच्चं ठेवणारा नव्हता. तो परका डोळा बघायची थोरल्यांना धास्ती होती, आणि बघितल्याशिवाय मरायचंही नव्हतं.

सातवं वळण संपलं आणि दालन समोर आलं. थोरले जागच्या जागी थांबले. दालनाच्या तोंडाशी एक लाकडी कमान होती, वीस फूट रुंद. वर निळं कापड ताणलं होतं, दिवे लावले होते, पण कापडाआडून सांगाडा दिसत होता. पुतणीने सांगितलं की ही चौकट सव्वीस वर्षांपूर्वीची आहे. बाबा जिथे काम करत, ती कंपनी ही कमान सुटी करून गावोगाव नेते, नवं कापड चढवते आणि पुन्हा उभी करते. कंपनीत तिला "म्हाताऱ्याची कमान" म्हणतात, आणि म्हातारा म्हणजे बाबा. मागून लोक ढकलत होते. रांगेतलं एक ओळखीचं कुटुंब पुढे निघून गेलं.

आत अंधारात पडद्यावर कसला तरी समुद्र हलत होता आणि माणसाला माणूस खेटून उभा होता. बायकोने शिक्क्याचं टेबल हेरलं आणि पुतणीला ओढून तिकडे नेलं. थोरल्यांनी समुद्राकडे पाठ केली. उभ्या जन्माची सवय कामी आली. पाठीमागे जायची वाट कुठे असते, हे त्यांना कुठल्याही देशात डोळे मिटून सापडलं असतं. कोपऱ्यात काळा पडदा होता, त्याच्या मागे अरुंद दार. दारावर काहीतरी लिहिलं होतं. ते वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी त्यांनी वाचलं नसतं.

आत पाऊल टाकताच भुशाचा वास आला. त्या वासाने त्यांना एकदम भरून आलं. हातभर रुंदीची बोळ, वर लोंबत्या वायरी, एका खोक्यावर कुणाचा तरी चहाचा कप. फळ्यांपलीकडे हजारभर माणसांचा कल्ला आणि अलीकडे ही शांतता. त्यांनी पहिल्या फळीच्या पाठीकडे नजर टाकली.

मासा होता. तोंड वर, शेपटीचं डावं टोक लांब. रेघ फिकी पडली होती, पण हात तोच.

डोळा नव्हता.

थोरल्यांनी दुसरी फळी बघितली. मासा, डोळा नाही. तिसरी, चौथी, सातवी. एकाही माशाला डोळा नव्हता. पहिल्यांदा त्यांना रागच आला. बिनडोळ्याच्या फळ्या उभ्या करतोस? वडिलांचा नियम विसरलास? आणि मग तो राग ओसरला. आपण डोळा दिला नाही, म्हणून याने डोळाच टाकून दिला, असं त्यांना वाटलं. हे परक्याच्या डोळ्यापेक्षाही वाईट होतं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. दालनाचा पहारेकरी धिप्पाड होता आणि आवाज चढवून बोलत होता. थोरले मराठीत म्हणाले, "माझ्या भावाचं आहे हे." त्याचा उपयोग व्हायचा नव्हताच. पहारेकऱ्याने दंड धरला. त्या ओढाताणीत पुतणी आणि बायको पडद्यातून आत आल्या, आणि बोळीच्या दुसऱ्या टोकाकडून एक बाई आली. पन्नाशीची, आखूड पिकलेले केस, कमरेच्या पट्ट्यात पाना आणि स्क्रूड्रायव्हर. ती या दालनाची सुतार होती; प्रदर्शन चालू असेपर्यंत दुरुस्तीसाठी तिने मागे थांबायचं, अशी इथली पद्धत.

पुतणी समजावू लागली, पण पहारेकरी ऐकेना. तेव्हा थोरल्यांनी मोकळ्या हाताने कानावरची पेन्सिल काढली, खिशातला प्रदर्शनाचा नकाशा फळीवर दाबून धरला आणि एका रेघेत मासा काढला.

सुतारबाईने नकाशा हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. मग पहारेकऱ्याला काहीतरी म्हणाली, तसा त्याने दंड सोडला. ती थोरल्यांकडे बघून हळू आवाजात बोलू लागली आणि पुतणी तिच्या मागोमाग मराठीत सांगत गेली. बाईंनी वीस वर्षं बाबांच्या हाताखाली काम केलं होतं. मोडलेल्या फळ्या बदलून नव्या केल्या, त्यांवरचे मासे बाईंनी काढलेले. उजव्या हाताचे. थोरल्यांनी बघितलं, खरंच, मधूनमधून शेपटीचं उजवं टोक लांब होतं.

"ती म्हणते, मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, माशाला डोळा का नाही," पुतणी म्हणाली, आणि पुढचं ऐकायला बाईकडे वळली. "बाबा म्हणाले, तपासणारा यायचाय."

 बाई पुढे सांगतच होती. दर वर्षी विचारलं, दर वर्षी तेच उत्तर. कंपनीत त्याची थट्टाच होऊन बसली. सामान यायला उशीर झाला, साहेब वेळेवर आला नाही, की लोक म्हणत, तपासणारा यायचाय. म्हातारा स्वतःही हसे. पण डोळा कुणाला देऊ देत नसे. एकदा तिने गंमत म्हणून एका माशाला डोळा काढला, तर त्याने तो रबराने खोडला होता.

थोरले चहाच्या कपाशेजारी खोक्यावर बसले. सव्वीस वर्षं! दुसरा माणूस बघ म्हटलं, आणि त्या वेड्याने बघितलाच नाही. रागावला असेल, रुसला असेल, पण जागा मोकळी ठेवली. आपण कोऱ्या कागदापुढे बसून राहिलो आणि तो तिकडे फळीमागून फळीवर एकच निरोप लिहीत राहिला. थोरल्यांना त्याची इतकी आठवण आली की लाजबीज सोडून ते रडले. बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतकी वर्षं पत्रं तिनेच वाचली होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग त्यांनी नाक पुसलं. "तिला सांग," ते पुतणीला म्हणाले, "आलाय म्हणावं. फार उशीर केलान, पण आलाय."

आणि ते उठून कामाला लागले. भावाचं काम म्हणून उगाच डोळे वाटत सुटणारा हा माणूस नव्हता. पहिल्या फळीला त्यांनी दोन्ही तळहातांनी रेटा दिला. सांध्यात नख घालून बघितलं. बोल्टची भोकं तपासली. सव्वीस वर्षांत इतक्या वेळा सुटं करून पुन्हा जोडूनही ती रुंदावली नव्हती, कारण प्रत्येक भोकात धाकट्याने पितळेची बारीक नळी बसवली होती. हे थोरल्यांना कधी सुचलं नसतं. त्यांनी तसं मोठ्याने म्हटलंसुद्धा. मग पेन्सिलीचं टोक टेकवून एक गिरकी दिली आणि माशाला डोळा आला.

एकेक फळी करत ते बोळीत पुढे सरकले. अकराव्या फळीशी त्यांनी मान हलवली. एक नट अर्धा फेरा ढिला होता. सुतारबाई घाईघाईने पाना काढून पुढे झाली, पण ती पिळत असताना थोरले बाजूला उभं राहून नाराजीने बघत होते, आणि त्यांची ती नजर बाईला बहुधा ओळखीची वाटली. ती स्वतःशीच हसली. नट बसल्यावर पुन्हा रेटा देऊन मगच डोळा मिळाला. तिच्या स्वतःच्या माशांची वेळ आली तेव्हा ती अंग चोरून उभी राहिली. थोरल्यांनी ते सगळे पास केले. पहारेकरीही अजून गेला नव्हता. तो टॉर्च धरून उभा होता.

शेवटी कमान राहिली. तिचा मासा उजव्या खांबाच्या आतल्या अंगाला, पार बुंध्याशी होता. कमान तपासायची तर ओळंबा हवा. थोरल्यांनी बायकोकडे हात पसरला. तिने काही न विचारता पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढून दिलं. मोजपट्टीच्या बदल्यात मिळालेला पितळी बिल्ला थोरल्यांनी दोऱ्याला बांधला, बाईने शिडी लावली आणि दोऱ्याचं टोक वर खांबाला धरलं.

बिल्ला डोलला, गिरक्या घेतल्या आणि हळूहळू थांबला. पलीकडून, पुढच्या बाजूने, वळणावळणाची रांग आत येत होती. लोक कापडाच्या फटीतून या म्हाताऱ्याकडे बघत होते. दोरा वरपासून खालपर्यंत खांबाला समांतर उतरला होता. मैदानावरच्या त्या दुपारी दोरी जशी उतरली होती, अगदी तसाच.

त्या दिवशी चौदा माणसांसमोर जे बोलायचं राहिलं होतं, ते थोरले आता सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले.

"सरळ आहे रे. अगदी सरळ आहे."

मग ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी माशाला डोळा दिला.

जायच्या वेळी सुतारबाईने मागचं दार उघडून धरलं. थोरल्यांनी नकारार्थी मान हलवली. बायकोचा हात धरून ते पुढे गेले आणि लोकांबरोबर धाकट्याच्या कमानीखालून बाहेर पडले.